तिसऱ्या अल्बमचा कैवारी

भूपालअण्णा मगदूम गेल्याचा निरोप आला त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘अत्यंत प्रेमळ, सर्वांना सांभाळून घेणारं व्यक्तिमत्त्व हरपलं.’ याच ग्रुपवर अण्णांनी एकदा हे लिहिणाऱ्या गृहस्थाला ‘तुझं मत वरातीतल्या घोड्यासारखं हाय, नटवलेलं आणि दुसऱ्याच्या मालकीचं’ असं लिहून चार महिने गप्प बसवलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहायचे असतात हे मलाही कळतं. पण अण्णा प्रेमळ नव्हते. ते भांडखोर होते, हट्टी होते, आणि त्यांच्याशी बोलून घरी गेल्यावर आपण कशाला यांच्या वाटेला गेलो असं निम्म्या लोकांना वाटायचं. उरलेले निम्मे पुन्हा जायचे. मी त्यातली.

भांडण कशावरून, तर एका अल्बमवरून. हेवी मेटलचा अल्बम. आमच्या सासूबाई ज्याला भांड्यांची मांडणी कोसळल्याचा आवाज म्हणतात, ते संगीत. बँडचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर वाचणाऱ्यांतले काहीजण इथंच थांबून माझ्याशी भांडायला लागतील. त्या बँडचा तिसरा अल्बम आणि चौथा अल्बम यांत थोर कोणता, हा वाद जगभर चालू आहे. चौथा खपला, गाजला, त्याचे टी-शर्ट निघाले. तिसरा त्याआधीचा, हलाखीच्या दिवसांतला, जुन्या ड्रमरचा शेवटचा. आम्ही त्याला नुसता ‘तिसरा’ म्हणायचो. सांगली-सातारा भागात तिसऱ्याची बाजू घेऊन उभा राहिलेला पहिला माणूस भूपालअण्णा असावेत, आणि त्यांनी ती अशी घेतली की पुष्कळांना केवळ त्यांच्यामुळं चौथा आवडू लागला.

माझी त्यांची गाठ सांगलीत पडली. मी तिथं इंजिनिअरिंगला होते. गणपती पेठेकडं जाताना एक कॅसेटचं दुकान होतं, तिथं आतल्या फळीवर इंग्रजी माल असायचा. मी चौथा हातात घेऊन कव्हर बघत होते. शेजारी पांढऱ्या शर्टातला, तेलाचे डाग पडलेल्या पँटीतला, पस्तिशीचा माणूस उभा होता. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “ते ठेव खाली.”

मी म्हटलं, “का?”

“त्यात गाणी न्हाईत. जाहिराती हायत.”

त्यानं फळीवरून तिसरा काढून माझ्या हातात दिला, आणि पुढच्या आठवड्यात याच वेळेला इथंच भेट म्हणून सांगितलं. एखाद्या अनोळखी माणसानं असं सांगितल्यावर मुलीनं जाऊ नये, पण मी गेले, कारण कॅसेट खरंच चांगली होती. तो आधीच येऊन थांबला होता.

“कसा वाटला?”

“छान आहे.”

त्याचा चेहरा पडला. पडला म्हणजे अपमान झाल्यासारखा. “छान पुरणपोळीला म्हणायचं, पोरी. पाचव्या गाण्यात मधी काय होतं सांग.”

मला सांगता आलं नाही. तेव्हा भर दुकानात त्यानं मला सुनावलं, की मुलींनी हे ऐकू नये असलं खुळचट मी म्हणत नाही, पण तू ऐकत नाहीस, तू नुसती वाजवतेस. दुकानदार हसला. मी रडवेली होऊन हॉस्टेलवर आले आणि पाचवं गाणं लावलं. मधे गिटारी एकाएकी थांबतात. गाणारा थांबतो. एकटा ड्रमर उरतो, आणि तोही ढोलांना हात लावत नाही, फक्त झांजांवरून काठ्या हलक्या फिरवत राहतो. उसाचं वाळलेलं पाचट वाऱ्यानं कुजबुजावं तसा आवाज बराच वेळ चालतो, आणि मग सगळं एकदम अंगावर येतं. मी ते परत परत ऐकलं. पुढच्या वेळी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “आता घरी ये. मंडळी जेवाय घालतील.” ही माझी परीक्षा पास झाल्याची पावती.

घर पलूसला. अण्णा तिथल्या एका साखर कारखान्यात टर्बाइनवर होते. कारखान्याची वीज तयार करणारं ते यंत्र, त्याच्या आवाजात बाहेरचा माणूस पाच मिनिटं उभा राहू शकत नाही. सुरेखावहिनी शांत, बुटक्या, आणि नवऱ्याला अजिबात न भिणाऱ्या. जैनांचं घर, त्यामुळं दिवे लागायच्या आत जेवणं उरकायची, आणि मग समोरच्या खोलीत ऐकणं. त्या खोलीचे नियम होते. बोलायचं नाही. पायानं ताल धरायचा नाही. गाणं सुरू झाल्यावर आलेल्यानं ते संपेपर्यंत दारात उभं राहायचं. एकदा अण्णांचे सख्खे मेव्हणे पेढ्यांचा पुडा घेऊन असे दारात उभे राहिले होते, कारण गाणं लांबलचक होतं.

गाणं संपलं की उलटतपासणी. “कसं वाटलं” हा प्रश्न साधा वाटायचा, पण उत्तर देणाऱ्याची खैर नसायची. मत असायला हरकत नाही, पण त्याला कारण लागतं, आणि ते स्वतःचं लागतं, असं त्यांचं म्हणणं. “मासिकात वाचलंस व्हय? मग मासिकालाच बोलाव जेवाय.” सांगलीच्या स्टँडवर एकदा एका पोराच्या अंगात चौथ्याचा टी-शर्ट दिसला. अण्णांनी त्याला थांबवून त्यातली गाणी विचारली. त्याला एकही येईना. “उलटा घालून जा घरी,” असं त्याला सांगून ते पलूसच्या गाडीत बसले.

सुरेखावहिनी एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, “त्यास्नी माणसं आवडत न्हाईत असं न्हाई गं. माणसांची मतं आवडत न्हाईत.”

लोकांना वाटायचं, एवढा कर्कश प्रकार ऐकणारा माणूस म्हणजे त्याला कुठलाही मोठा आवाज चालत असेल. गणपतीत गल्लीच्या मंडळानं डीजे लावला तेव्हा शेजारचे तक्रार घेऊन अण्णांकडं आले, तुम्ही सांगा म्हणाले. अण्णा गेले. स्पीकरांच्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि पोरांना म्हणाले, “आवाज मोठा हाय म्हणून मी काय बोलत न्हाई. पर घाण हाय. खालचं सगळं फाटतंय.” आणि त्यांनी तो नीट लावून दिला. शेजाऱ्यांनी वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

जमीर बागवान आमच्यात नंतर आला. साताऱ्याचा, हायवेला त्याचं टायरचं दुकान. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून देण्याचा त्याच्या वडिलांपासूनचा धंदा. ट्रक ड्रायव्हरांनी टाकून दिलेल्या कॅसेटींमधून त्याला हे संगीत सापडलं होतं, आणि त्याचं मत कायम स्वतःचं असायचं. त्याला चौथाही आवडायचा, आणि तो ते अण्णांच्या तोंडावर सांगायचा. “अण्णा, तुमी देवळात बसल्यागत ऐकता. मी गाडीत ऐकतो. गाडीत चौथा चांगला लागतो.” अण्णा संतापायचे, पण पुढच्या रविवारी जमीर आला नाही तर तो का आला नाही म्हणून दहादा विचारायचे. दोघांची वीस-बावीस वर्षं अशी भांडत गेली. या काळात माझं लग्न होऊन मी वाईला आले, तिथल्या कॉलेजात शिकवू लागले, आणि अण्णा मला ‘वाईकरीण’ म्हणू लागले. वर्षातून तीन-चारदा मी पलूसला जायची. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या आणि गेल्या, गाणी फोनमध्ये आली. खोलीचे नियम तेच राहिले.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा जमीरनं त्यांच्यासाठी एक भेट आणली. तिसऱ्याची नवी तबकडी निघाली होती, मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा नव्यानं साफसूफ करून काढलेली. जगभरातल्या चाहत्यांत तिची चर्चा होती. जमीरच्या मावसभावानं ती दुबईहून कपड्यांच्या घडीत घालून आणली. अण्णांकडं तबकड्या वाजवायचं यंत्र होतं. जेवणं झाली. अण्णांनी स्वतःच्या हातानं वरचा कागद फोडला, तबकडी उजेडात धरून पाहिली, आणि लावली.

मला ती सुरेख वाटली. पूर्वी एकात एक मिसळलेले आवाज आता सुटे सुटे येत होते. जमीर अण्णांच्या चेहऱ्याकडं बघत होता. पाचवं गाणं आलं, गिटारी थांबल्या, झांजा सुरू झाल्या, इतक्या स्वच्छ की काठीचं टोक कळावं. अण्णा उठले आणि त्यांनी मधेच सुई उचलली. त्या खोलीत असं कधी झालं नव्हतं.

“डुप्लिकेट हाय ही,” ते म्हणाले.

जमीर हसला. त्याला थट्टा वाटली. “आवं अण्णा, सीलबंद होती. तुमीच फोडली न्हवं का आत्ता.”

“मग आत डुप्लिकेट घातलीया. झांजाच काढून टाकल्यात. मधलं सगळं मोकळं. हितं काय वाजतंय? काय न्हाई.”

“वाजतंय की. मला चांगलं ऐकू येतंय.”

“तुला काय येतंय ऐकू?” अण्णांचा आवाज चढला. “झिजल्या टायरला नवी पट्टी चिकटवून लोकांच्या गळ्यात बांधणारा माणूस तू. खरं काय आन खोटं काय, तुला काय कळायचंय?”

जमीर उठला, स्वयंपाकघराच्या दारापाशी गेला आणि म्हणाला, “वहिनी, जेवण चांगलं झालं होतं.” चपला घातल्या आणि गेला. वहिनी अण्णांना म्हणाल्या, “जावा, थांबवा त्याला.” अण्णा तबकडी पाकिटात घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर जमीर पलूसला आला नाही.

अण्णांनी मात्र युद्ध सुरू केलं. दहा-बारा जणांच्या आमच्या ग्रुपवर रोज सकाळी त्यांचं एक पान यायचं. नवी आवृत्ती म्हणजे गुन्हा आहे, तिसऱ्याचा खून झालाय, आणि ज्यांना ती आवडते ते खुनात सामील आहेत. कुणी नम्रपणे लिहिलं की अण्णा, आम्हाला तर झांजा जास्तच स्पष्ट येतात, तर त्याचा उद्धार व्हायचा. दोघं-तिघं ग्रुप सोडून गेले. मग अण्णा परदेशी चाहत्यांच्या संकेतस्थळावर पोचले. तिथं लोक या अल्बमबद्दल आपापली मतं लिहायचे. कुणी फिनलंडच्या माणसानं लिहिलं होतं की पाचव्या गाण्यातल्या झांजा इतक्या वर्षांनी मोकळा श्वास घेताहेत. अण्णांनी त्याला खाली इंग्रजीत उत्तर दिलं, ‘महाशय, आपण बहिरे आहात.’ त्याखाली ब्राझीलचा एक, पोलंडची एक, सगळ्यांना तेच. शेवटी त्यांचं खातं बंद केलं गेलं. ते त्यांनी मला फोन करून अभिमानानं सांगितलं.

“एकालाबी कान न्हाई, वाईकरीण. एवढं जग, आन एकालाबी न्हाई.”

मला त्यांचा कंटाळा आला होता, हे खरं. जमीरला फोन केला तर तो त्यांचं नाव काढू द्यायचा नाही. “त्या माणसाचा विषय नको ताई,” म्हणायचा. “माझ्या बाबांनी त्याच धंद्यावर आमाला वाढवलं. एक टायर फुटून कुणाला कवा खरचटलं न्हाई.”

पुढच्या वर्षी थंडीत अण्णा एका सकाळी वाईला माझ्या दारात उभे राहिले. हातात पिशवी, पिशवीत त्यांची जुनी कॅसेट. फोन न करता आले होते. नवीन तबकडी खोटी आहे हे सिद्ध करायला त्यांनी म्हणे आपली मूळ कॅसेट लावली, तर तिच्यातसुद्धा झांजा गेलेल्या. फीत जुनी झाली, मेली, असं त्यांचं निदान. माझ्याकडं एक प्रत होती, सांगलीच्या दुकानात त्यांनी हातात दिली होती तीच. ती त्यांना हवी होती. ती मिळाली की ते त्यावरून नवी प्रत करणार होते आणि सगळ्यांची तोंडं बंद करणार होते.

मी माळ्यावरून टेप काढला, पुसला. बाहेरच्या खोलीत सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांना या संगीताचा मनस्वी तिटकारा, पण पाहुणे आलेत म्हणून उठून गेल्या नाहीत. मी पाचवं गाणं काढलं. टेप जुना, आवाजात थोडी खरखर, पण गाणं धडधडत आलं. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. गिटारी थांबल्या. झांजा सुरू झाल्या.

अण्णा पुढं वाकून बसले होते. त्यांनी मान हलवली. “ही बी गेली,” ते हळू म्हणाले. “मोकळं हाय बघ. काय न्हाई इथं.”

मी त्यांच्याकडं पाहत राहिले. तेवढ्यात सासूबाईंनी मटार सोलायचे थांबवले आणि स्वयंपाकघराकडं कान लावला.

“अगं, ते सूं सूं काय वाजतंय?” त्या म्हणाल्या. “कुकरची रिंग गळतेय का बघ.”

“कुकर नाही आई. गाण्यातलं आहे ते.”

“गाण्यात? असलं कसलं गाणं? मला वाटलं वाफ चाललीय.” आणि त्या पुन्हा शेंगांकडं वळल्या.

अण्णा त्यांच्याकडं बघत होते. आईंनी पंचाहत्तरी कधीच ओलांडली होती, आणि त्यांनी आयुष्यात भजनापलीकडं काही ऐकलेलं नव्हतं.

“काय वाजलं म्हणाल्या त्या?” अण्णांनी मला विचारलं.

मी सांगितलं.

“परत लाव.”

मी मागं नेऊन परत लावलं. या वेळी अण्णा टेपकडं बघत नव्हते, आईंच्या चेहऱ्याकडं बघत होते. झांजा सुरू झाल्या तशी आईंची भुवई उचलली गेली. “हेच ते,” त्या म्हणाल्या. अण्णांनी तो क्षण पाहिला. गाणं पुढं गेलं, सगळं अंगावर आलं, संपलं. मी टेप बंद केला.

अण्णा आईंना नमस्कार करून उठले. जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. कॅसेटही तिथंच राहिली.

पुढचं मला सुरेखावहिनींकडून कळलं. त्या त्यांना मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं अशी तपासणी झाली. खालचे, जाड आवाज अण्णांना नीट येत होते. बारीक, वरचे आवाज जवळजवळ गेलेले. डॉक्टरांनी विचारलं, नोकरी कुठं होती. टर्बाइनवर म्हटल्यावर त्यांनी पुढं विचारलंच नाही. कारखान्यात कानाला लावायची साधनं होती. अण्णा ती कधी लावत नसत. मशिनला काय दुखतंय ते ऐकाय नको का, म्हणायचे.

“हे कवापास्नं चाललंय?” अण्णांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर म्हणाले, “सांगता येत नाही. पण एका दिवसात झालेलं नाही. दहा वर्षं सहज झाली असतील.”

त्या रात्री, वहिनी सांगत होत्या, ते जेवले नाहीत आणि भांडलेही नाहीत. वहिनींना ते भांडले नाहीत याचीच जास्त काळजी वाटली.

चार दिवसांनी त्यांचा मला फोन आला. “दहा वर्षं,” ते म्हणाले. “दहा वर्षांत मी ज्याला ज्याला शिव्या घातल्या, ज्या ज्या रेकॉर्डला घाण म्हणालो, त्यातलं किती खरं गं?”

मी म्हटलं, “काही खरं असेलच.”

“कुठलं?”

मी एखादी रेकॉर्ड आठवू लागले, ती सापडेना. ते म्हणाले, “हेच तर. मलाबी म्हायती न्हाई,” आणि फोन ठेवला. त्याच दिवशी त्यांनी ग्रुप सोडला. काही लोकांना हायसं वाटलं. त्यांनी हसरे चेहरेसुद्धा टाकले.

कितीतरी महिने ती खोली बंद राहिली. वहिनी केर काढायला जायच्या तेवढंच. मग उन्हाळ्यात एकदा अण्णांचा निरोप आला, जमीरकडं जायचंय, तू साताऱ्याला ये. मी विचारलं, मी कशाला? ते म्हणाले, “त्याचं बोलणं मला नीट आलं न्हाई तर. एकदा चुकीचं ऐकलं तेवढं बास झालं.”

दुकानात तापलेल्या रबराचा वास कोंदला होता. जमीर एका मोठ्या टायरपाशी उकिडवा बसला होता. आम्हाला पाहून उठला नाही. मला ‘या ताई’ म्हणाला. अण्णांना काही म्हणाला नाही. अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी वाटेत काही ठरवून आणलं असेल असं मला वाटलं होतं, पण ते एवढंच बोलले.

“तबकडी खरी हाय. कान डुप्लिकेट निघाले.”

जमीरचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो पुन्हा टायरकडं वळला आणि हातातल्या ब्रशनं घासू लागला. बराच वेळ घासत राहिला.

“कान डुप्लिकेट होते, ठीक हाय,” तो मग म्हणाला. “तोंड कुणाचं होतं, अण्णा?”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं की नाही मला कळेना, म्हणून मी ते मोठ्यानं पुन्हा सांगितलं. ते सांगणं मला फार अवघड गेलं.

“ऐकलंय मी,” अण्णा म्हणाले. “तोंड माझंच होतं.”

“माझ्या बापाला खोटं म्हणालात तुमी.”

“व्हय. म्हणालो.”

जमीरनं त्यांना बसायला सांगितलं नाही. अण्णा उभेच राहिले. गिऱ्हाइकं येत होती, जमीर त्यांच्याशी बोलत होता, टायर फिरत होते. मी खुर्चीत बसून होते आणि त्या दोघांचाही मला राग येत होता. शेवटी दुपार कलताना जमीरनं हात धुतले, आतून एक स्टूल आणलं आणि अण्णांच्या मागं ठेवलं. “बसा. पाय दुखतील,” म्हणाला. ते म्हणतानाही त्याचा चेहरा सैल झाला नव्हता. अण्णा बसले. त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. जमीरनं तिकडं मुद्दाम पाहिलं नाही.

दिलजमाई झाली असं मी म्हणणार नाही. जमीर तीन-चार महिन्यांनी पलूसला गेला, तेही वहिनींना बरं नव्हतं म्हणून. पण गेला, आणि मग जात राहिला.

वहिनींच्या आग्रहानं अण्णांनी कानाचं यंत्र घेतलं होतं. त्याच्याशी त्यांचं एक दिवसही पटलं नाही. माणसांचं बोलणं कळायला लागलं, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो उपयोग त्यांना फारसा नको होता. गाण्याला ते यंत्र लावलं की सगळं पत्र्याच्या डब्यात बसून ऐकल्यासारखं व्हायचं. “चौथ्याचा आवाज येतोय ह्यातनं,” ते म्हणायचे. ग्रुपवर ते परत आले, पण महिनोन् महिने गप्प होते. मग एकदा कुणीतरी नव्या आवृत्तीतल्या झांजांवर लिहिलं, तेव्हा अण्णांनी खाली लिहिलं, ‘ह्यावर मी बोलू शकत नाही. पण गिटारबद्दल तू लिहिलंस ते चूक आहे, आणि ते मला ऐकू येतं.’ पुढं दीड पान शिव्या होत्या. मला ते वाचून बरं वाटलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या दिवाळीनंतर. पलूसला पोचायला मला उशीर झाला. जेवणं उरकली होती, वहिनींनी मला पाटावर बसवून गरम भाकरी वाढली आणि म्हणाल्या, “बसलेत दोघं आत.” हात धुऊन मी खोलीच्या दारापाशी गेले. पाचवं गाणं सुरू होतं, म्हणून नियमानं दारातच थांबले.

कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलेलं होतं. अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, आणि तो हात शेजारी बसलेल्या जमीरच्या गुडघ्यावर उताणा ठेवलेला. गिटारी थांबल्या. जमीर पुढं झुकला आणि त्याच्या रबरानं काळ्या पडलेल्या दोन बोटांनी अण्णांच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर हलकं हलकं वाजवू लागला. झांजेवर काठी पडेल तिथं बोट पडत होतं. मोठी झांज तिथं दोन्ही बोटं, लहान तिथं नुसतं टोक, आणि काठी घासत गेली की बोटही कातडीवरून घासत कोपराकडं जायचं. खोलीत झांजांशिवाय काही नव्हतं. अण्णांच्या कपाळावर आठी होती, तीच ती उलटतपासणीच्या वेळची. ते एकेक ठोका तपासून घेत होते.

गाणं पुन्हा उसळलं. जमीरनं बोटं उचलली. अण्णांनी डोळे उघडले.

“उशिरा पडतंय तुझं बोट,” ते म्हणाले.

“माझं बरोबर हाय. तुमचा ड्रमरच उशिरा हाय.”

“तो आयुष्यात कवा उशिरा न्हवता. मागनं लाव परत.”

जमीर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, ते नशिबानं अण्णांना ऐकू येण्यासारखं नव्हतं, आणि उठून तबकडीच्या यंत्राकडं गेला. तो सुई मागं नेऊन ठेवत होता. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मी दारात आहे हे त्यांना दिसलं, पण त्यांनी मला बोलावलं नाही. हात त्यांनी तसाच रिकाम्या जागेवर पुढं धरून ठेवला होता, बाही दुमडलेला, जमीर येऊन बसेपर्यंत.